लिव, रोन्या, इमोजेन, रासा: युरोपातल्या अनवट नावांचे अर्थ कसे तपासायचे

प्रश्न: आम्ही दोघं मूळचे पुण्याचे, आता जर्मनीत स्थायिक आहोत. लवकरच बाळ येणार आहे. नाव इथेही चालावं आणि आजी-आजोबांनाही उच्चारता यावं, पण सर्रास ऐकू येणारं नको, म्हणून युरोपातली काही नावं काढून ठेवली आहेत: लिव, रोन्या, इमोजेन, आइनो, गुनहिल्ड, रासा, मीरा आणि मुलगा झाला तर कीरन. नावांच्या याद्यांमध्ये प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ दिलेला असतो, पण एक यादी दुसरीशी जुळत नाही. खरा अर्थ कोणता धरायचा?

उत्तर:

याद्या जुळत नाहीत, कारण 'अर्थ' या एकाच रकान्यात त्या निरनिराळ्या गोष्टी भरतात. कुठे शब्दाची व्युत्पत्ती असते, कुठे नावामागची दंतकथा, तर कुठे यादी करणाऱ्याने नुसत्या ध्वनिसाम्यावरून लावलेला अर्थ. आपली बरीच नावं आजही बोलण्यातले शब्द आहेत. प्राजक्ता म्हटलं की फूल डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे नाव उच्चारलं की अर्थ कळायलाच हवा असं आपण धरून चालतो. युरोपातली बहुतेक नावं धर्माबरोबर परभाषेतून आलेली किंवा हजार वर्षांपूर्वीच्या बोलींतून उरलेली आहेत, आणि ती धारण करणाऱ्यालाही त्यांचा अर्थ सहसा ठाऊक नसतो. जर्मन शिकवताना आणि कागदपत्रांची भाषांतरं करताना माझ्याकडे नावांचे प्रश्न वर्षानुवर्षं येत आहेत. मी आधी एवढंच शोधते, की हे नाव माणसाला पहिल्यांदा कुठे, कधी आणि कशापायी ठेवलं गेलं. अर्थाकडे त्यानंतर वळते.

गुनहिल्डपासून सुरुवात करू, कारण जर्मानिक, म्हणजे जर्मन, इंग्रजी आणि स्कँडिनेव्हियन भाषांच्या कुळातल्या, नावांची सगळी रीत तिच्यात दिसते. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'गुन्न' म्हणजे युद्ध आणि 'हिल्ड' म्हणजेही युद्धच. दोन्ही जोडून काय होणार? याद्या इथे 'रणांगणातली वीरांगना' वगैरे लिहून मोकळ्या होतात, पण हा समास म्हणून वाचायचा शब्दच नव्हे. हेच दोन घटक उलट क्रमाने लावून 'हिल्डगुंड' हेही नाव होत असे. युद्ध, विजय, लांडगा, भाला, मान, संरक्षण असे काही प्रतिष्ठेचे शब्द होते. त्यांतला एक पुढे, एक मागे जोडून नाव तयार करत, आणि घटक निवडताना बऱ्याचदा घराण्याकडे पाहत. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधल्या वूस्टरचा बिशप संत वुल्फस्टन (मृत्यू १०९५). त्याच्या वडिलांचं नाव एथेलस्टन, आईचं वुल्फगिफू. आईकडून 'वुल्फ', वडिलांकडून 'स्टन'. शब्दशः पाहिलं तर लांडगा आणि दगड. पण या नावाचा खरा आशय 'या दोघांचा मुलगा' हाच आहे. वेसेक्स या तिथल्याच जुन्या राज्याच्या राजघराण्यात एथेलवुल्फच्या मुलांची नावं एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड अशी एकाच घटकाने सुरू होतात. धाकटा आल्फ्रेडही आद्य स्वराच्या बाबतीत त्याच रांगेत बसतो. आपल्याकडे पत्रिकेतलं अक्षर धरून नाव शोधतात, तिथे घराण्याचा ध्वनी धरून शोधत.

म्हणून घटकांचे अर्थ लोक विसरले होते असं मात्र नाही. यॉर्कचा आर्चबिशप, दुसरा एक वुल्फस्टन (मृत्यू १०२३), लॅटिनमध्ये लिहिताना स्वतःला 'लुपुस' म्हणजे लांडगा म्हणवून घेई. सुटा घटक कळत होता, जोडीतून वाक्य काढायची रीत नव्हती. हा फरक ध्यानात ठेवलात तर ब्रुनहिल्ड, गेरट्रूड, सिग्रिड, राग्नहिल्ड यांच्यापुढे लिहिलेल्या लांबलचक अर्थांमुळे गोंधळ होणार नाही. गेरट्रूडमध्ये भाला आणि बळ आहे, सिग्रिडमध्ये विजय आणि सौंदर्य. एवढंच खात्रीचं, त्यापुढची जुळवाजुळव यादीकर्त्याची.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण दोन शब्दांची अशी नावं ही आपली आणि त्यांची सामाईक मिरास आहे. वेदांत 'श्रवस्' म्हणजे कीर्ती. ग्रीकमध्ये त्याचंच भावंड 'क्लेओस', स्लाव भाषांमध्ये 'स्लावा'. पेरिक्लेस, हेराक्लेस, सोफोक्लेस या नावांच्या शेवटी तो क्लेओस बसला आहे. क्लेओपात्रा म्हणजे पित्याची कीर्ती, आणि त्यातला 'पात्र' हा आपला पितृ. मिरोस्लाव, स्टानिस्लाव यांच्या शेवटी स्लावा. जर्मानिकमधला 'ह्लुड' म्हणजे विख्यात, तो आपल्या 'श्रुत'चा सख्खा नातलग. त्यातून क्लोटिल्ड आली आणि लुडविगही. हाच लुडविग फ्रेंचमध्ये लुई झाला, पोर्तुगीजमध्ये लुईश आणि गोव्यात लुईस. शत्रुघ्नाची पत्नी श्रुतकीर्ती आणि म्हापशातला एखादा लुईस यांच्या नावांत एकच धातू आहे हे कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. ऋग्वेदातलं 'अक्षित श्रवस्' आणि होमरचं 'क्लेओस आफ्थितोन', म्हणजे कधीही न क्षीण होणारी कीर्ती, ही एकाच साच्यातली शब्दयोजना आहे हे आडालबेर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये दाखवलं, आणि तुलनात्मक भाषाशास्त्रात ते निरीक्षण आजही महत्त्वाचं मानतात. फिलिप या नावात 'हिप्पोस' म्हणजे घोडा आहे, आणि तो शब्द आपल्या 'अश्व'चाच भाऊ. बृहदश्व, हर्यश्व अशी नावं ठेवणारे लोक आणि फिलिप ठेवणारे लोक नावांकडे सारख्याच नजरेने पाहत होते.

तुमच्या यादीतल्या इमोजेन, रोन्या आणि आइनो या तीन नावांचा उगम मात्र इतका जुना नाही. ती लेखकांच्या टेबलावर जन्मली.

इमोजेन हे नाव शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन' नाटकामुळे आपल्यापर्यंत आलं, आणि बहुधा छपाईच्या चुकीतून. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या छापील संग्रहात, ते 'इमोजेन' असं छापलं आहे. पण सायमन फोरमन याने १६११ मध्ये हे नाटक पाहून जी टिपणं केली त्यांत नायिकेचं नाव 'इनोजेन' आहे, आणि शेक्सपिअरच्याच दुसऱ्या एका नाटकाच्या सूचनांमध्येही 'इनोजेन' नावाची बाई येते. हस्ताक्षरातले दोन 'एन' एका 'एम'सारखे वाचले गेले असावेत. इनोजेनचा संबंध गेलिक भाषेतल्या 'मुलगी' या अर्थाच्या शब्दाशी लावतात, म्हणून याद्या 'कुमारिका' लिहितात. जन्म चुकीतून झाला म्हणून नावाची किंमत कमी होत नाही. माणसांनी इतकी वर्षं वापरलेलं नाव खरंच असतं. सेड्रिकचंही तसंच. वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅनहो'त (१८१९) वापरलेलं हे नाव वेसेक्सच्या जुन्या राजाच्या 'सेर्डिक' या नावातली अक्षरं मागेपुढे होऊन बनलेलं दिसतं. व्हनेसा तर जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हानहोमरिग या मैत्रिणीसाठी घडवलं. आडनावातलं 'व्हान' घेतलं आणि एस्थरचं लाडाने 'एसा' केलं. 'फुलपाखरू' हा अर्थ पुढे चिकटला, कारण फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये फुलपाखरांच्या एका गटाला हे नाव दिलं. म्हणजे नाव आधी, फुलपाखरू नंतर.

रोन्या १९८१ ची. अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकादंबरीतली दरोडेखोराची मुलगी. हे नाव त्यांनी लॅपलँडमधल्या 'युरोन्याउरे' या तळ्याच्या नावाच्या पोटातून उचललं. ज्या यादीत तुम्हाला 'देवाचं आनंदगीत' असा अर्थ दिसला असेल, तो हिब्रूतल्या मिळत्याजुळत्या नावाचा आहे. या रोन्याशी त्याचा संबंध नाही. जर्मनीत हे नाव ऐकणाऱ्याला जंगलात निर्भयपणे हुंदडणारी ती मुलगी आठवते. माझ्या मते हाच रोन्याचा अर्थ, आणि तो चांगला अर्थ आहे.

आइनोची गोष्ट अधिक हळवी. फिनिश लोकगीतांमध्ये 'आइनो' हे विशेषण होतं, एकुलती एक लेक अशा अर्थाचं. एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतं गुंफून 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं (पहिली आवृत्ती १८३५, वाढवलेली १८४९), तेव्हा त्यांनी या विशेषणाचं विशेषनाम केलं. त्यातली आइनो म्हाताऱ्या व्हाइनामोइनेनशी लग्न करण्यापेक्षा पाण्यात जाते. पुढे फिनलंडची राष्ट्रीय जाणीव जागी झाली तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. तिथल्या कानाला ते आजीच्या पिढीचं, मायेचं आणि अस्सल देशी वाटतं. कथेतला तो शेवट मनाला लागणार असेल तर विचार करा. फिन लोकांना तो आड आला नाही. साहित्यातून जन्मलेलं नाव किती दूर जातं हे पाहायचं तर स्वेतलाना घ्या. व्होस्तोकोव्ह या रशियन कवीने १८०२ मध्ये एका काव्यात आणलेलं हे नाव झुकोव्स्की या दुसऱ्या कवीच्या १८१३ च्या कथाकाव्यामुळे गाजलं. पण त्या नावाची संत नसल्याने रशियन चर्च ते बाप्तिस्म्याला देईना. त्या मुलींना 'फोतिनिया' नाव मिळे. त्यातही ग्रीक 'प्रकाश'च आहे.

लिव हे वेगळं प्रकरण. जुन्या नॉर्समध्ये 'ह्लिफ' म्हणजे आसरा, संरक्षण. सुरुवातीचा 'ह' गळला आणि उरलेलं रूप आजच्या स्कँडिनेव्हियन भाषांमधल्या 'जीवन' या अर्थाच्या शब्दाशी तंतोतंत जुळलं. आज तिथली आई लिव नाव ठेवते ती 'जीवन' म्हणूनच. तुम्हाला एका यादीत संरक्षण आणि दुसरीत जीवन दिसलं असेल तर दोन्ही बरोबर आहेत, एक उगमाचं आणि एक वापरातलं. व्लादिमिरचंही असंच झालं. त्याच्या शेवटी मुळात 'थोर' अशा अर्थाचा घटक होता, नंतर लोकांनी तो 'मिर' म्हणजे शांती किंवा जग असा ऐकला आणि नावाचं रूपच बदलून गेलं.

तुमच्या यादीत संतांवरून आलेलं अस्सल दुर्मीळ नाव एकही नाही याचं थोडं वाईट वाटलं, कारण युरोपातली सर्वांत सुंदर अनवट नावं तिकडे आहेत. स्पेनमध्ये मुलीला मेरीचं नाव ठेवताना तिच्या एखाद्या रूपाचं किंवा स्थानाचं ठेवतात: पिलार म्हणजे स्तंभ, निएवेस म्हणजे हिमवर्षाव, रोसिओ म्हणजे दव, सोलेदाद म्हणजे एकांत. उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेत यांचीच भाषांतरं झाली. निएवेसची एदुर्ने आणि दुःखांची माता म्हणून ठेवलेल्या डोलोरेसची नेकाने. स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने १९३८ च्या मे महिन्यात आदेश निघाला आणि अशा बास्क नावांच्या नोंदणीवर बंदी आली. १९७७ च्या कायद्याने वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर नेकाने हे बास्क नाव उघडपणे ठेवणं हाच त्या नावाचा एक अर्थ होता. आरांचा हे लाडकं नाव आरान्त्सासू या देवस्थानाचं. काट्यांच्या झुडपात मेरीची मूर्ती पाहून मेंढपाळ 'काट्यांत, तू?' असं उद्गारला, अशी कथा सांगतात. भाषेच्या अंगाने पाहिलं तर ते नुसतं 'काटेरी झुडपांची जागा' आहे, आपल्याकडच्या बाभुळगाव, बोरगाव यांच्यासारखं.

ग्रीसमधली पारास्केव्ही म्हणजे शुक्रवार आणि किरियाकी म्हणजे रविवार. दोन्ही संतांची नावं म्हणून चालत आली. लॅटिनमध्ये रविवार म्हणजे प्रभूचा दिवस, त्यावरून डोमिनिकस, पोर्तुगीजमध्ये दोमिंगुश आणि गोव्यात दुमिंग. आपल्याकडेही सोम्या, मंगळ्या, बुधी, शुक्री ही नावं आदिवासी आणि खेडोपाडीच्या घरांत आहेतच. सर्बियातला वूक म्हणजे लांडगा. आधुनिक सर्बियन लिपी घडवणारा वूक कराजिच (जन्म १७८७) याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. चेटकिणी लांडग्याला हात लावत नाहीत म्हणून त्याला हे नाव दिलं. धोंडू, दगडू, केरू ही नावं ज्या आईबापांनी ठेवली त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

आता सारख्या दिसणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या नावांकडे. तुमचा कीरन आयरिश आहे. मूळ 'किआरान', त्यात 'किआर' म्हणजे काळा, सावळा. क्लॉनमॅकनॉइसचा मठ स्थापणारे सहाव्या शतकातले संत याच नावाचे. आपला किरण मात्र उजेडाचा. मुलाला तुम्ही किरण म्हणून हाक मारणार असाल तर किरणच लिहा, त्यासाठी आयरिश आडोसा लागत नाही. जर्मनीत तर या नावावर मोठा निकाल आहे. मुलीचं 'किरण' हे नाव मुलगा की मुलगी ते सांगत नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने अडवलं होतं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ रोजी सांगितलं की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही, मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच सरकारला आड येता येतं. आज जर्मनीत भारतीय नावं नोंदवताना आपण ज्या मोकळेपणाने वागतो त्यात या किरणचा वाटा आहे. मीराही अशीच. स्लाव भाषांमध्ये ती मिरोस्लावासारख्या नावांचं छोटं रूप, आपल्याकडे मीराबाईची. दोन कुळं, एकच ध्वनी, आणि दोन्हीकडे प्रतिष्ठा. फक्त स्पेलिंगमध्ये दोन 'ई' लिहू नका, जर्मन वाचक त्याचं 'मेरा' करतो. तुमच्या गरजेला ही सर्वांत सोपी निवड आहे, मात्र यादीतलं सर्वांत कमी अनवट नावही हेच.

नाव कुठल्या पिढीचं आणि कुठल्या घरातलं वाटतं, हेही तपासा. केव्हिन आयरिशमध्ये 'कीव्हीन', म्हणजे सुजात, सुंदर जन्माचा. पण जर्मनीत ते १९९० च्या सुमारास फार पसरलं आणि मग त्याला हेटाळणीचा वास लागला. ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात प्राथमिक शिक्षकांच्या मनात या नावाच्या मुलांविषयी पूर्वग्रह आढळले. व्युत्पत्ती कितीही उदात्त असली तरी त्या वर्गात ती मुलाच्या कामी येत नाही. गुनहिल्ड आज जर्मन कानाला पणजीच्या काळातलं वाटतं, म्हणून मी ते तुमच्या यादीतून काढेन. इमोजेन जर्मन माणूस 'इमोगेन' वाचेल, दर वेळी सांगत बसावं लागेल. लिवचा शेवटचा 'व' जर्मन तोंडात 'फ' होतो आणि ऐकू येतं 'लीफ'. चालत असेल तर उत्तम नाव.

आणि रासा. तुमच्या यादीतलं माझं सर्वांत आवडतं. लिथुआनियन भाषेत 'रसा' म्हणजे दव, आणि हा शब्द आपल्या 'रस'चाच सोयरा. त्याच भाषेत आउश्रा म्हणजे पहाट, जी आपल्या उषेची बहीण, आणि साउले म्हणजे सूर्य, शब्दानेही त्याच कुळातला. जूनच्या २४ तारखेच्या सणाला तिथे रासोस, म्हणजे दवाचा सण, असंही म्हणतात. त्या पहाटेचं दव आरोग्यदायी मानतात. चर्चच्या पंचांगात हा दिवस संत जॉनचा, म्हणजे गोव्यात डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून विहिरींत उड्या मारतात तो सांजांव. ऋग्वेदातल्या एका नदीचं नावही रसा आहे. अडचणी दोन, त्या आधीच सांगते. जर्मन लोक मधल्या 'स'चा 'झ' करतील आणि 'टाबुला राझा' (कोरी पाटी) हा वाक्प्रचार त्यांना आठवेल. मराठी घरात 'रसा' म्हटलं की आधी स्वयंपाकघर आठवेल. तुम्ही म्हणता तसं 'रासा' ठेवलंत तर दुसरी अडचण बरीचशी टळते. हे दोन्ही मान्य असेल तर मी याच नावाच्या बाजूने आहे.

नोंदणीचे नियम देशागणिक बदलतात. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे आणि नाव तिथल्या व्याकरणाप्रमाणे विभक्तीत चालावं लागतं. २०१३ मध्ये एका मुलीला 'झुळूक' या अर्थाचं पुल्लिंगी शब्दाचं नाव कोर्टातून मिळवावं लागलं, आणि २०१९ च्या कायद्याने लिंगाची अट गेली. फ्रान्समध्ये १८०३ चा निर्बंध थेट १९९३ मध्ये उठला. जर्मनीत यादी नाही, पण अनोळखी नाव दिसलं की अधिकारी पुरावा मागू शकतो. तेव्हा लाइपझिग विद्यापीठाच्या नावसल्ला केंद्राकडून, हे नाव अमुक देशात माणसांना ठेवतात, असं लेखी मत मिळवता येतं. बाळ येण्याआधीच ते काढून ठेवा. स्पेलिंग ठरवताना जर्मन टिंबवाली अक्षरं (ä, ö, ü) टाळा, म्हणजे इथल्या जन्मदाखल्यावर आणि भारतीय कागदपत्रांवर नाव अक्षर न अक्षर सारखं राहील.